वाचक विचारतात : एमएसडब्ल्यूचा फॉर्म भरायचाय, पण लिहायचं काय?

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त एमएसडब्ल्यूबद्दलचे (मास्टर ऑफ सोशल वर्क, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) आहेत, म्हणून यावेळी बाकी विषय बाजूला ठेवलेत. मी स्वतः एमएसडब्ल्यू करून बावीस वर्षं सरकारी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात काम केलं, दरवर्षी फिल्डवर्कला (कोर्समधलं प्रत्यक्ष काम करून शिकणं) येणारी मुलं माझ्याकडे असायची, आणि दोन-तीन कॉलेजांच्या मुलाखतीच्या पॅनेलवरही बसले. त्यामुळे जे लिहितेय ते टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलेलं आहे. पत्र लिहिणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी परंड्याजवळच्या एका गावात राहते, बीए समाजशास्त्र शेवटच्या वर्षाला आहे. सगळं शिक्षण मराठीतून झालंय. मला टिसला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) जायचंय, तुळजापूर किंवा मुंबई. एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारं निवेदन) लिहायला बसले की एकच वाक्य येतं, ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे’, आणि पुढे काही सुचतच नाही. माझ्याकडे तसा अनुभवच नाही, एनएसएसचं एक शिबिर केलंय तेवढंच. गावात काही करावं तर दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं, कोणी नसतंच. इंग्रजीची पण भीती वाटते.

उत्तर : अगं, अनुभव नाही म्हणतेस आणि पुढच्याच ओळीत लिहितेस की दिवाळीनंतर अर्धं गाव तोडीला जातं. तुझी एसओपी तिथेच आहे. तुला ते रोजचं म्हणून दिसत नाही एवढंच.

आता मी विचारते त्याची उत्तरं वहीत लिही, इंग्रजीत नाही, तू घरी बोलतेस तशा मराठीत. तुझ्याबरोबर पहिलीत किती मुली होत्या आणि दहावीला किती उरल्या? ज्या गेल्या त्या कितवीत गेल्या? तोडीला जाताना कोणाची पोरं आईबापाबरोबर फडावर जातात, कोणाची आजीजवळ राहतात, आणि हे घरात कोण ठरवतं? मुकादम उचल (आगाऊ पैसे) कधी देतो, हंगामात ती फिटली नाही तर पुढच्या वर्षी काय होतं? तोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजतात, मग त्याचा पोरींच्या लग्नाच्या वयाशी काय संबंध आहे हे तुझ्या गावातल्या कुठल्याही बाईला विचार, ती तुला एका वाक्यात सांगेल. गावात हंगामी वसतिगृह सुरू होतं का, कोणत्या महिन्यात होतं, पोरं निघून गेल्यावर की आधी? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, तुमच्या तालुक्यातली किती पोरं तिथे आहेत?

यातल्या दोन गोष्टी नीट माहीत करून घेतल्यास ना तरी तुझी एसओपी शंभरात वेगळी दिसेल, कारण उरलेल्या नव्व्याण्णव जणांनी ‘लहानपणापासून आवड’ असंच लिहिलेलं असतं. मी हे चिडून सांगत नाहीये. ती मुलं खोटं बोलत नसतात, पण त्या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. पॅनेलवरच्या माणसाला एवढंच बघायचं असतं की ही मुलगी आजूबाजूला बघते का, बघून तिला प्रश्न पडतो का, आणि प्रश्न पडल्यावर ती दोष द्यायला धावते की थांबून कारण शोधते. तू ‘पालक अशिक्षित असल्यामुळे मुलांच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष करतात’ असं लिहिलंस तर मी असते तर तिथेच पेन ठेवलं असतं. तेच तू ‘माझ्या मैत्रिणीला आठवीत तोडीला नेलं कारण मागे ठेवायला घरात आजी नव्हती आणि वसतिगृह डिसेंबरात सुरू झालं, ती ऑक्टोबरलाच गेली होती’ असं लिहिलंस तर मला तुला बोलवून अजून ऐकावंसं वाटेल. (महिने तुझ्या गावाचे खरे टाक, माझे नको.)

एकदा एका मुलाची मुलाखत घेतली होती, तो फार हळू बोलायचा, आम्हाला वाटलं घाबरलाय. त्याला विचारलं गावात काय बघितलंस. म्हणाला, रेशनच्या दुकानात म्हाताऱ्या बायांचा अंगठा लागत नाही, आयुष्यभर भांडी घासून आणि खुरपून रेषाच गेल्यात, तर मी तीन महिने वहीत लिहून ठेवलं की कोणाला कितीदा परत पाठवलं. वही त्याच्या पिशवीत होती, त्यानं काढून दाखवली, पेन्सिलनं लिहिलेली नावं आणि पुढे रेघा. त्या दिवशी दुसऱ्या मुलांकडे एनजीओची तीन-तीन सर्टिफिकेटं होती. आम्ही सगळ्यात जास्त वेळ त्या वहीबद्दल बोललो.

आता परीक्षेचं. टिसची स्वतःची टिसनेट आता नाही, २०२४ पासून प्रवेश सीयूईटी-पीजीवरून (पदव्युत्तर प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) होतात. गेली काही वर्षं त्याचे फॉर्म डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि पेपर मार्चमध्ये असतो, म्हणजे तुझी शेवटच्या सेमिस्टरची गडबड आणि हे एकाच वेळी येणार, म्हणून आत्तापासून रोज तासभर काढ. एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव, सीयूईटीचा फॉर्म भरला म्हणजे टिसचा भरला असं होत नाही, टिसच्या साइटवर वेगळा अर्ज करावा लागतो. दरवर्षी मुलं इथे चुकतात आणि मार्क चांगले असून बाहेर राहतात, मला फार वाईट वाटतं. तिथे डिग्रीचं नाव ‘एमए सोशल वर्क’ असं दिसलं तरी गोंधळू नकोस, काम तेच. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात, म्हणून अंदाजपंचे ठोकू नकोस.

इंग्रजीची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. टिसमध्ये वाचन सगळं इंग्रजीत आणि भरपूर असतं, पहिलं सेमिस्टर मराठी माध्यमाच्या मुलांना जड जातं, काही रडतात, आणि दुसऱ्यापर्यंत बहुतेकांना जमायला लागतं. आत्तापासून रोज एका इंग्रजी पेपरातला एक लेख वाचून त्याचं मराठीत चार ओळी सार लिही, उलटं नको. भाषा येण्यापेक्षा वाचलेलं समजणं आधी लागतं.

आणि फक्त टिसवर अडून बसू नकोस. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून आहे, अहिल्यानगरला सीएसआरडी हे समाजकार्याचं कॉलेज आहे जिथे ग्रामीण कामावर भर आहे, मुंबईत चर्चगेटजवळ निर्मला निकेतन १९५५ पासून आहे, सोलापूर कोल्हापूरलाही कोर्स आहेत. बऱ्याच ठिकाणी कॉलेजची स्वतःची प्रवेश परीक्षा, ग्रुप डिस्कशन आणि मुलाखत असते, आणि राज्यातल्या अनेक विद्यापीठांत पेपर मराठीत लिहिता येतो. कॉलेज निवडताना बिल्डिंग बघू नकोस, फिल्डवर्क विचार. आठवड्यात दोन दिवस फिल्डवर्क सगळीकडे कागदावर असतं. तू तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचार की एजन्सी (फिल्डवर्कच्या संस्था) कोणत्या मिळतात, सर किंवा मॅडम प्रत्यक्ष एजन्सीत येतात का, दर आठवड्याला कॉन्फरन्स (सर-मॅडमबरोबर कामावर चर्चा) होते का, रेकॉर्डिंग (फिल्डवर्कचा लेखी अहवाल) कोणी वाचून त्यावर लिहून परत देतं का. जिथे रेकॉर्डिंग वाचलं जातं तिथे जा. टिसचं नाव मोठं झालं त्यात याचा मोठा वाटा आहे, १९८४ साली मुंबईत पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष त्यांनीच सुरू केला, तुरुंगातल्या लोकांसोबत काम करणारं ‘प्रयास’ १९९० पासून आहे, म्हणजे शिकणारी मुलं थेट पोलीस स्टेशनात आणि जेलमध्ये बसून शिकली.

प्रश्न : मॅडम, मी जळगावचा, शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. मुलीनं बीएस्सी केलं आणि आता एमएसडब्ल्यू म्हणते. लोकांची सेवा करायला आमचा विरोध नाही, आम्ही स्वतः करतो, पण त्याला डिग्री कशाला हवी? आणि दोन वर्षं घालवून नोकरी मिळेल का? आम्हाला खरं सांगा.

उत्तर : सर, तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून खरंच सांगते.

आधी डिग्रीचं. माझ्याकडे हॉस्पिटलमध्ये टीबीचा एक पेशंट होता, गवंडी काम करायचा, दोन महिने गोळ्या घेऊन सोडून द्यायचा, परत यायचा, परत सोडायचा. सगळे त्याला ओरडायचे, समजावायचे, मुलाबाळांची शपथ घालायचे, आणि हे सगळे मनानं चांगलेच लोक होते. फिल्डवर्कला आलेली एक मुलगी त्याच्यापाशी तीन दिवस बसली आणि चौथ्या दिवशी कळलं की गोळ्या घेतल्या की त्याला उलटी व्हायची, परांचीवर चक्कर यायची, मुकादमानं दोनदा कामावरून परत पाठवलं होतं, आणि टीबीच्या पेशंटला पोषणासाठी सरकारकडून पैसे मिळतात (तेव्हा महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत) ते त्याला मिळतच नव्हते कारण बँकेचं खातं आधारला जोडलेलं नव्हतं. तिनं डॉक्टरांशी बोलून गोळ्यांची वेळ बदलून घेतली, खातं जोडून दिलं, बायकोला बोलावून बसवलं. त्यानं कोर्स पूर्ण केला. तीन दिवस गप्प बसून ऐकायचं, काय विचारायचं काय नाही विचारायचं, कोणती योजना कुठे अडकते, आणि माणसाच्या वतीनं न ठरवता त्याच्यासोबत ठरवायचं, हे शिकावं लागतं. मलाही शिकावंच लागलं. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावानं समाजकार्याची शाळा निघाली (म्हणजे आजचं टिस) ती यासाठीच, आणि १९४६ ला जे.जे. हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली तीही यासाठीच.

आता नोकरीचं. सरकारी दवाखाने आणि मेडिकल कॉलेजांत ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ हे पद असतं, कायमचं आणि चांगलं, पण जागा थोड्या आणि भरती कधी निघेल याचा नेम नाही. मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात, ते काम बघायला समाजसेवक लागतात. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, एचआयव्ही समुपदेशन केंद्रं, उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान), इथे एमएसडब्ल्यूवाल्यांना घेतात पण बहुतेक जागा कंत्राटी, अकरा महिन्यांच्या, आणि पगार कधी कधी दोन-तीन महिने उशिरा होतो. हे तिला आधीच माहीत असलेलं बरं. फॅक्टरीत लेबर वेलफेअर ऑफिसर हा एक जुना आणि भक्कम रस्ता आहे, १९४८ च्या कायद्यात ५०० कामगारांच्या वर हे पद सक्तीचं होतं, नव्या लेबर कोडमध्ये ती मर्यादा २५० वर आणलीये. एनजीओ आणि कंपन्यांच्या सीएसआरमध्ये पगार संस्थेप्रमाणे फार वेगवेगळे असतात.

म्हणजे उपाशी राहणार नाही, पण पहिली चार-पाच वर्षं इंजिनिअर मैत्रिणीशी पगाराची तुलना करून चालणार नाही. तिला हे माहीत असून ती हो म्हणतेय का, एवढं एकदा शांतपणे बसून विचारा. आणि सर, बीएस्सीचं वाया गेलं असं मानू नका, एमएसडब्ल्यूला कुठल्याही शाखेची पदवी चालते आणि दवाखान्यात काम करताना सायन्सवाल्या मुलींना डॉक्टरांची भाषा लवकर कळते हे मी कितीदा बघितलंय.

प्रश्न : कागदपत्रं कोणती लागतील ते सांगा ना, दरवर्षी धावपळ होते.

उत्तर : मार्कशीटा, टीसी, दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशन, मध्ये वर्षं गेली असतील तर गॅप सर्टिफिकेट, डोमिसाइल, जात प्रमाणपत्र, जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला. हे सगळ्यांना माहीत असतं, घोटाळा होतो तो पुढे. टिस किंवा केंद्राच्या कुठल्याही संस्थेला ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं चालत नाही, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का हेही आधी बघावं लागतं. एसईबीसीचं आरक्षण राज्याचं आहे, केंद्राच्या संस्थेत ते लागू नाही, तिथे निकषात बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा दाखला वेगळा काढा. तहसीलला जूनमध्ये गर्दी होते, सर्व्हर बसतो, म्हणून एप्रिल-मेमध्येच उरकून घ्या. स्कॉलरशिप आणि फी माफी महाडीबीटीवर, आणि ज्या खात्यात पैसे येणार ते आधारला जोडलेलं आहे का ते फॉर्म भरायच्या आधी बघा, नंतर नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. मी धारणीकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे, चौदा वर्षं झाली. वय ३६. मुक्त विद्यापीठातून बीए पूर्ण केलं. एमएसडब्ल्यू करायची फार इच्छा आहे, पण नोकरी सोडता येणार नाही, घर त्याच्यावर चालतं. या वयात घेतील का? आणि घरी बसून होतं असं एक जण म्हणाला, पैसे भरले की फिल्डवर्क पण करावं लागत नाही.

उत्तर : नमस्कार ताई, आणि तुमच्यासारख्या बाईनं मला ताई म्हणावं याचा मला मान वाटतो.

ज्यानं सांगितलं फिल्डवर्क करावं लागत नाही त्याला एक रुपयाही देऊ नका. फिल्डवर्कशिवाय एमएसडब्ल्यू म्हणजे टाके घालायला न शिकलेला डॉक्टर. तो कागद उद्या भरतीत तपासला गेला की तुमचे पैसे, वर्षं आणि नाव तिन्ही जाईल.

वयाची अडचण नाही. नोकरी ठेवून करायचं तर इग्नूचा (केंद्राचं मुक्त विद्यापीठ) एमएसडब्ल्यू आहे, कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त चार वर्षांत पूर्ण करता येतो, म्हणजे घरात आजारपण आलं, सर्वे आला, इलेक्शनची ड्यूटी आली तरी घाई नाही. फिल्डवर्क त्यातही सक्तीचं आहे. माध्यम हिंदी किंवा इंग्रजी, मराठी नाही, पण तुमचा मध्य प्रदेश पलीकडेच आहे, हिंदी तुम्हाला जड जाऊ नये. प्रवेश घ्यायच्या आधी एकच चौकशी नक्की करा, तुम्हाला जमेल अशा अंतरावरच्या अभ्यास केंद्रात एमएसडब्ल्यू चालतो का आणि तिथे फिल्डवर्कला सुपरव्हायझर आहे का. फोनवर नाही, जाऊन विचारा, आणि तिथे शिकणाऱ्या कोणाचा तरी नंबर घ्या.

कधी दोन वर्षं रजा शक्य झालीच तर अमरावती, नागपूरकडे रेग्युलर कॉलेजं आहेत, नागपुरात मातृसेवा संघाचं जुनं समाजकार्य महाविद्यालय आहे. राज्यातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालयं सामाजिक न्याय विभागाकडे येतात, तिथे फी परवडते. मुख्यसेविकेकडून किंवा प्रकल्प कार्यालयातून चौदा वर्षांचं अनुभव प्रमाणपत्र आत्ताच मागून ठेवा, साहेब बदलले की फार फिरवतात.

आणि मुलाखतीत कोणी विचारलं की काय काम करता, तर ‘अंगणवाडी सेविका आहे’ म्हणून थांबू नका हो. तुम्ही वजनं घेता, सॅम-मॅम (तीव्र आणि मध्यम कुपोषित) मुलं शोधता, आईला पोराला घेऊन दवाखान्यात भरती व्हायला तयार करता, आणि ती घरातली बाकीची पोरं कोणाकडे सोडू म्हणते तेव्हा त्याचीही सोय लावता. भूमकाकडे (गावातला पारंपरिक वैदू) आधी जाणारं कुटुंब दवाखान्यापर्यंत कसं येतं, भूमकाला शत्रू न करता ते कसं जमतं, हे तुमच्याइतकं कोणत्या पुस्तकात नाही. कोरकू बोलता येत असेल तर ते फॉर्मवर भाषांच्या रकान्यात पहिलं लिहा. मेळघाटात कामाला येणारे कितीतरी जण दुभाष्याशिवाय एक घर करू शकत नाहीत. तुम्ही शिकायला चाललाय हे खरं, पण वर्गात बसल्यावर शेजारची बावीस वर्षांची मुलं तुमच्याकडूनही शिकणार आहेत.

प्रश्न : मी पुण्यातून २०१४ ला एमएसडब्ल्यू केलं, चार वर्षं हॉस्पिटलमध्ये काम केलं, आता मिस्टरांच्या नोकरीमुळे न्यू जर्सीत आहे. इथे कोणी म्हणतं परत एमएसडब्ल्यू कर, कोणी म्हणतं गरज नाही. व्हिसा एच-४ (मिस्टरांच्या व्हिसावरचा) आहे. काय करू?

उत्तर : परत दोन वर्षं आणि एवढी फी घालायच्या आधी तुझ्या डिग्रीचं मूल्यांकन करून घे. अमेरिकेत समाजकार्याच्या कोर्सना मान्यता देणारी सीएसडब्ल्यूई नावाची कौन्सिल आहे, परदेशातल्या डिग्रीचं मूल्यांकन करायची सोयही तीच चालवते. त्यांनी तुझी डिग्री तिथल्या एमएसडब्ल्यूच्या बरोबरीची मानली की न्यू जर्सीच्या बोर्डाकडे एलएसडब्ल्यू (लायसन्स्ड सोशल वर्कर) या लायसन्ससाठी अर्ज करता येतो, त्याची परीक्षा असते, आणि पुढे देखरेखीखाली क्लिनिकल काम करून एलसीएसडब्ल्यू, म्हणजे क्लिनिकल कामाचं लायसन्स. बरोबरीची नाही म्हणाले तर मग तिथल्या कॉलेजचा विचार कर, तोपर्यंत नाही.

अडतं कुठे तर कागदात. तिथल्या एमएसडब्ल्यूला कमीत कमी ९०० तास फिल्डवर्क लागतं, म्हणून तेही बघणार की तू किती तास केलंस. तुझ्या कॉलेजला लिहून तुझ्या वर्षाचा सिलॅबस आणि फिल्डवर्कच्या तासांचं पत्र मागव, ब्लॉक प्लेसमेंट (सलग केलेलं फिल्डवर्क) आणि रुरल कॅम्पचे तास त्यात वेगळे दाखवायला सांग, ते आपल्याकडे बऱ्याचदा एकत्र टाकतात किंवा धरतच नाहीत. तुझे जुने सर-मॅडम असतील तोवर हे होतं. (इथे शिकणाऱ्या मुलींनो, तुम्हीही पास होऊन निघतानाच हे पत्र घेऊन ठेवा.) एच-४ वर शिकता येतं, पण वर्क परमिट नसेल तर नोकरी करता येत नाही, त्यामुळे लायसन्स मिळालं तरी तो प्रश्न वेगळा राहतो, हे मनाशी धरूनच वेळेचं गणित मांड. आणि घरात बसून तुझं शिक्षण संपलं असं वाटू देऊ नकोस, चार वर्षं हॉस्पिटलमध्ये माणसं बघितलेली नजर विसरत नाही.

प्रश्न : मॅडम, मी यवतमाळ जिल्ह्यातला आहे, वय २२. मी नववीत असताना माझ्या बाबांनी आत्महत्या केली. शेतकरी होते. मला एमएसडब्ल्यू करायचंय ते त्याच्यामुळेच. मित्र म्हणतो एसओपीत हे लिही, पॅनेलवर इम्प्रेशन पडतं. आई म्हणते घरातलं बाहेर कशाला सांगायचं. मी काय करू? आणि मी बाहेर शिकायला गेलो तर आई एकटी राहील.

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

पहिली गोष्ट, हे लिहायचं तुझ्यावर बंधन नाही. कोणत्याही कॉलेजला तुझ्या बाबांबद्दल जाणून घ्यायचा हक्क नाही, आणि न लिहिल्यानं तुझा अर्ज खोटा किंवा अर्धा होत नाही. इम्प्रेशनसाठी तर मुळीच लिहू नकोस. मी सांगते का, प्रवेश मिळाला तर तुला आयुष्यभर वाटत राहील की बाबांच्या जिवावर मिळाला, आणि नाही मिळाला तर ते त्याहून वाईट वाटेल.

पण तुला आतून लिहावंसं वाटत असेल, तर माझ्या अनुभवातून एक सांगते. तो दिवस लिहू नकोस. त्यानंतरचं लिही. पंचनाम्यापासून तहसीलपर्यंत आईला किती खेटे घालावे लागले, प्रकरण पात्र की अपात्र हे ठरेपर्यंत घरात काय चाललं होतं, जमीन बाबांच्या नावावर होती की आजोबांच्या, कर्ज बँकेचं होतं की सावकाराचं, कारण त्यावरच सरकारी मदतीचे ते एक लाख मिळणार की नाही हे ठरतं, आणि मिळालेच तर त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून. सातबाऱ्यावर आईचं नाव लागायला किती वर्षं गेली? तेराव्यानंतर कोण येत राहिलं, कोणी येणं बंद केलं? तू नववीत होतास, शाळेत कोणी तुझ्याशी बोललं का? हे सगळं तू बघितलंयस आणि त्यात समाजकार्यकर्त्यानं नेमकं कुठे उभं राहायला हवं होतं हे तुला पॅनेलपेक्षा जास्त कळतं. ‘आमच्या घरी त्या वेळी अमुक माणूस आला असता तर’ असं एक वाक्य लिहून बघ. मला वाटतं तुझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

लिहिलंस तर पाठवायच्या आधी आईला वाचून दाखव. ते तिच्या नवऱ्याबद्दलचं आहे, म्हणजे तिचंही आहे. ती नको म्हणाली तर बाबांचा उल्लेख काढ आणि गावातल्या विधवा बायांच्या सातबाऱ्याबद्दल लिही, तेवढंच वजनदार होईल. आणि मुलाखतीत यावर प्रश्न आला आणि तुला बोलायचं नसेल तर सरळ म्हण, ‘सर, हे मी आत्ता बोलू शकत नाही.’ चांगलं पॅनेल पुढचा प्रश्न विचारेल. डोळ्यात पाणी आलं तरी त्यात काही चुकलं असं समजू नकोस, मी रडलेल्या मुलांनाही निवडलंय.

अजून एक, हे तुला आत्ता कोणी सांगणार नाही म्हणून सांगते. फिल्डवर्कमध्ये कधीतरी तुझ्या घरासारखंच घर समोर येईल. पहिल्याच महिन्यात तुझ्या सुपरव्हायझरला विश्वासात घेऊन सांगून ठेव, म्हणजे ते तुला तिथे एकटं पाठवणार नाहीत. आणि शिकायला लागायच्या आधी तू स्वतः कोणाशी तरी बाबांबद्दल मोकळं बोललायस का? नसशील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. दुसऱ्याचं ऐकायला बसणाऱ्या माणसाचं आधी कोणीतरी ऐकलेलं असावं लागतं, मला हे फार उशिरा कळलं, तुला उशीर व्हायला नको.

आईचं म्हणशील तर यवतमाळातही समाजकार्याचं महाविद्यालय आहे. तिथला फॉर्म भर, आणि नागपूर किंवा पुण्याचाही भर. दोन्हीकडे नंबर लागला तर कुठे जायचं ते तू एकट्यानं ठरवू नकोस, आईला विचार. ‘मी जाऊ का’ असं विचारलंस तर ती जा म्हणेल, आया तेच म्हणतात. ‘मी गेलो तर तुझी रात्र कशी जाईल’ असं विचार, आणि ती जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐक.